थेंबवाली

म्हाताऱ्या कोंबड्या न्यायला गाडी आली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. गाडीवाल्याने रिकामे पिंजरे शेडच्या दारात आपटले आणि नेहमीप्रमाणे ओरडला, "चला, आज्ज्यांना बाहेर काढा!" हा विनोद तो दर खेपेला करायचा आणि दर खेपेला एकटाच हसायचा.

सुनेने नाकातोंडावर फडकं बांधलं आणि आत शिरली. भुसा आणि विष्ठा तुडवून तुडवून पायाखाली चामड्यासारखा थर झाला होता. त्यातून उठणारा वास डोळ्यांत सुईसारखा शिरायचा. अंधारात कोंबडी गरीब असते. एका हाताने पाय धरायचे, दुसऱ्याने पुढची चाचपायची, मूठ भरली की दारात आणायचं. पाठीवरची पिसं झडलेली, तुरे फिके पडलेले, नखं वाढून वळलेली. अंडी सगळी देऊन झाल्यावर त्यांच्याजवळ उरलं होतं काय, तर मुठीला जाणवेल एवढी ऊब.

दारात पालथ्या बादलीवर सासू बसली होती. प्रत्येक कोंबडीच्या शेपटीखाली ती दोन बोटं लावून बघायची. हाडांमध्ये बोटं सैल बसली तर कोंबडी अजून घालते, हाडं मिटलेली असली तर तिचं संपलं. हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं. गाडी आल्यावर सगळ्याच जाणार होत्या.

"ही घालते अजून," ती म्हणाली. "ही बाजूला ठेव."

"एकीसाठी शेड धुवायचं थांबवू का?" तिच्या मुलाने कोंबडी तिच्या हातातून घेतली आणि पिंजऱ्यात कोंबली. "जागा अडवण्यापलीकडे करणार काय ती?"

म्हातारीने बोटं भुशाला पुसली. मग खोकली. खोकला थांबेपर्यंत सगळे हातातलं काम धरून दुसरीकडे बघत राहिले.

त्या खोकल्याकडे बघायचं नाही, असं घरात न बोलता ठरलेलं होतं. मागच्या हिवाळ्यात तापाने म्हातारीची छाती धरली आणि तिला नाकात नळ्या घालून दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेतलं. शेडच्या धुळीने फुप्फुसांची चाळणी झालीय, म्हणाले, आणखी एकदा असा ताप छातीत उतरला तर माझ्या हातात काही राहणार नाही. बाजूला सुनेलाच घेतलं, कारण मुलगा तेव्हा व्हरांड्यात अंड्यांच्या भावावर फोनवर भांडत होता.

गाडी गेली. शेड ओकंबोकं झालं. दोघी खोरी घेऊन भुसा ओढत होत्या, तेवढ्यात नर्सबाई आली. तिने दारातूनच नाक दाबलं.

"आजी, थंडी पडायच्या आत छातीच्या तापाची लस घ्यायला या. साठीच्या वरच्या सगळ्यांना आहे. दर मंगळवारी, दवाखान्यात. फुकट."

"फुकट?" म्हातारीने खोरं थांबवलं. "आणि म्हाताऱ्यांना?"

"हो, म्हाताऱ्यांनाच."

"बाई, माझा जन्म गेला लशी देण्यात. पिल्लांना दिल्या. अंड्यावर यायच्या आधी तलंगांना दिल्या. म्हाताऱ्या कोंबडीला कोणी लस देतं का? तिला गाडीत घालतात. आत्ताच गेली बघ गाडी. तिच्यावर कोणी खर्च करायला लागलं, की समजावं, बेत काहीतरी वेगळा आहे."

"अहो, तुम्ही काय कोंबडी आहात?"

"मी नाही. पण हिशेब करणारा तोच असतो."

नर्सबाईने सुनेकडे बघून डोळा मिचकावला. तो मिचकावलेला डोळा म्हातारीने पाहिला आणि नर्सबाईचा निकाल तिथेच लागला.

यातला अर्धा हिशेब म्हातारीचा स्वतःचा होता. उरलेला अर्धा काटेमामांनी घातलेला.

काटेमामा धान्यबाजाराच्या वजनकाट्यावर बसून म्हातारे झाले होते. जन्मभर भरलेले ट्रक तोलले, त्यामुळे माणसं, सरकारं, डॉक्टर, औषधं हे सगळं आपल्याला बसल्या जागी तोलता येतं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. निवृत्त झाल्यावर मुलाने मोठा फोन घेऊन दिला. तो शर्टाच्या खिशात असायचा, तोंड बाहेर करून, म्हणजे मामांच्या आधी तो बोलायचा. दुपारची कामं आटोपली की मामा पत्र्याच्या पडवीत खाद्याच्या पोत्यांवर येऊन बसत आणि फोन मांडीवर ठेवून म्हणत, "वहिनी, आज जरा विज्ञान ऐका."

विज्ञान म्हणजे एक जाडा आवाज. तो सांगायचा, की म्हाताऱ्या माणसांचा भार आता कोणाला पेलवत नाही. म्हणून ही लस काढलीय. पहिल्या वर्षी काही वाटत नाही, दुसऱ्या वर्षी माणूस झोपेत जातो. हा निरोप शंभर जणांना पाठवा.

"कोण बोलतंय हे?" सुनेने एकदा विचारलं. ती खाद्याची भांडी घासत होती.

"मोठे डॉक्टर आहेत."

"नाव काय त्यांचं?"

"नाव सांगितलं तर जिवंत ठेवतील का त्यांना?"

"मग डॉक्टर आहेत हे तुम्हाला कुठून कळलं?"

"आवाज ऐक ना! असा आवाज काय अंडी विकणाऱ्याचा असतो?"

नाव नाही, गाव नाही, आवाज खर्जातला. एवढीच त्या डॉक्टरची डॉक्टरकी. सून फिस्सकन हसली, आणि हसल्याबरोबर तिला कळलं की आपण चुकलो. म्हातारीने मान वळवली आणि मामांना चहा करायला स्वतः उठली. या घरात तिच्याशेजारी बसून बोलणारं माणूस हेच एक होतं. हे सुनेला कळत होतं. कळत असल्यामुळेच मामांचा तिला जास्त संताप यायचा. आपल्याला भांडी घासायची असतात, नवऱ्याला भाव असतात, आणि या रिकामटेकड्याला वेळ असतो. म्हातारं माणूस शेवटी वेळ देणाऱ्याचं ऐकतं, मग तो वेळ कुजका का असेना.

शेड धुऊन, चुना मारून झालं. नवी पिल्लं आली. दिव्याखाली पिवळा गालिचा अंथरल्यासारखी ती पसरली. त्यांच्या पहिल्या लशीच्या दिवशी मुलाने बाजारातून एक खोकं आणून कोपऱ्यात ठेवलं.

"फवाऱ्याचा पंप आहे. पुढे सगळी लस यानेच द्यायची. तासाभरात शेड मोकळं. थेंब थेंब करत बसायला आता वेळ कोणाला आहे?"

"आज तर बसू दे," म्हातारी म्हणाली.

आसपासच्या सगळ्या शेडवाल्यांत तिला थेंबवाली म्हणत. मानमोडीची साथ आली की कोंबड्यांच्या माना पिळल्यासारख्या वळतात आणि शेडचं शेड रिकामं होतं. त्यावरची लस पिल्लांच्या डोळ्यात थेंबाने घालायची, आणि तो थेंब तिच्यासारखा कोणाला जमायचा नाही. चहाचा कप धरताना तिचा हात लटपटायचा, बशीत चहा सांडायचा. पण हातात ड्रॉपर आला की तोच हात भिंतीतल्या खुंटीसारखा घट्ट. आधी ती बाटली गालाला लावून बघायची, गार आहे ना. मग सून पिल्लू पुढे करायची. म्हातारी ते डाव्या मुठीत घ्यायची, अंगठ्याने मान वळवायची, डोळा वर, निळा थेंब. आणि लगेच सोडायचं नाही. पिल्लाने डोळा मिटून थेंब आत घेईपर्यंत धरून ठेवायचं. थेंब कोणीही टाकेल. ते थांबणं लोकांना जमत नाही. घाई करणाऱ्याच्या हातातून पिल्लू मान झटकतं आणि लस भुशात जाते.

दुपार कलेपर्यंत काम चाललं. सून हात धुऊन, दिवे बघून परत पडवीत आली तर म्हातारी पोत्यांना टेकून बसलेली, मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले. दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून निळे ओघळ निघून सुरकुत्यांतून वाट काढत कानापर्यंत गेले होते.

"आई! हे काय केलंत?"

"लस घेतली."

"कुठली?"

"आपली. उरली होती बाटलीत."

"अहो, ती कोंबड्यांची!"

"मग? बाटली मी फोडली. बर्फ मी बघितला. माझ्या हातून या लशीने एक पिल्लू कधी दगावलं नाही. तुझ्या त्या डोळेमिचकावीच्या बाटलीत काय आहे, मला काय माहीत? तुला तरी माहीत आहे का?"

 सुनेलाही माहीत नव्हतं. तिने तांब्याभर पाणी आणलं आणि म्हातारीचे डोळे धुतले. म्हातारीने धुऊ दिले. "धू, धू," म्हणाली. "जायचं ते आत गेलंय."

दुसऱ्या दिवशी डोळे लालभडक झाले. सून तिला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. डोळे आपोआप निवळतील, म्हणाले, पण छातीच्या तापाशी या लशीचा काडीचा संबंध नाही. त्या तापाची लस बाहेर ठेवलीय, आत्ता घ्या. म्हातारी खुर्चीवरून उठून चालायला लागली.

"लाल झाले म्हणजे लागू पडली," ती वाटेत म्हणाली. "पिल्लांचेही होतात."

मुलगा पोट धरून हसला. "चला, आता आई अंडी घालणार!" तेवढ्याने भागलं नाही. खाद्याच्या दुकानात त्याने ते सगळ्यांना सांगितलं आणि अख्खा बाजार हसला. म्हातारी दूध आणायला गेली की पोरंटोरं मागे कुक्कूकू करायची. स्वतःच्या आईला मोडीत काढायला त्याला फवाऱ्याच्या पंपाचीही गरज लागली नाही.

त्या हसण्याचा भाव वाढवला तो काटेमामांनी. हसणाऱ्यांना ते गंभीरपणे म्हणाले, "हसू नका. कोंबड्यांच्या लशीत कोणी कशाला भेसळ करेल? कोंबडी मेली तर त्यांचा धंदा बुडतो. माणूस मेला तर कोणाचं काय बुडतं? वहिनींनी शुद्ध माल घेतलाय." हे वाक्य लोकांना भारी आवडलं. वाक्याला वजन होतं, आणि वजनाला सही काटेमामांची होती. मग आणखी काय पाहिजे?

पिल्लांना पिसं फुटायला लागली. दुसऱ्या लशीचा दिवस आला. पंपाचं खोकं अजून फोडलेलं नव्हतं. मुलगा पलीकडच्या शेडमधली अंडी पोचवायला बाहेर गेला होता आणि दोघींनी त्याची वाट न बघता थेंबाचं काम उरकून घेतलं. सून शेड बंद करून पडवीकडे वळली आणि जागच्या जागी थबकली.

खाद्याच्या पोत्यांवर म्हाताऱ्यांची रांग बसली होती. कोपऱ्यावरचा म्हातारा शिंपी, त्याची बायको, दूधवाली, तिची बहिरी जाऊ. सगळ्यांच्या माना मागे टाकलेल्या, तोंडं उघडी. चोची तेवढ्या नव्हत्या. शिंप्याच्या गालांवरून निळे ओघळ उतरले होते. दूधवालीचा एक डोळा झाला होता. सासू हातात ड्रॉपर घेऊन उभी होती आणि काटेमामा पोत्यांमधून फिरत "हलायचं नाही, मिटून घ्यायचे" असं सांगत होते.

"बंद करा!" सून ओरडली. "आई, कोंबड्यांचं औषध आहे ते. डोळे जातील कोणाचे!"

"तू मध्ये पडू नकोस," मामा म्हणाले. "हे अनुभवाचं काम आहे."

सुनेच्या जिभेवर काय काय आलं. मग तिने सासूकडे पाहिलं. म्हातारीची पाठ ताठ झाली होती. खोकला कुठे पळाला होता देव जाणे. इतकी वर्षं तिच्याकडे पिल्लं आली, कोंबड्या आल्या. माणसं आज पहिल्यांदा आली होती. तिला इथे ओरडून खाली बसवलं तर ती आयुष्यात परत दवाखान्याची पायरी चढणार नाही, एवढं सुनेला दिसलं. तिने आवाज खाली आणला.

"बरं. अनुभवाचं काम आहे ना? मग आधी मामांना घाला. पुढारी पहिला."

"माझं शेवटी," मामा म्हणाले. "आधी लोकांचं होऊ दे."

"लोकांना धीर येईल, मामा. बसा की."

"बसा, भावजी," म्हातारी म्हणाली. तिने ड्रॉपर उजव्या हातात धरला आणि डाव्या हाताने, जसं पिल्लू धरायची तसंच, मामांना दंडाला धरून खाली बसवायला गेली.

"आई गं!" मामा किंचाळले.

म्हातारीची बोटं सुटली नाहीत. ती सदऱ्यावरून दंडावर फिरली, एका जागी थांबली. तिने पुन्हा दाबलं. मामा पुन्हा कळवळले.

"काय लागलं इथे?"

"आपटलो. दारावर."

"आपटलेलं काळंनिळं होऊन पसरतं. ही गाठ आहे. खोल, गरम." ती हळू बोलत होती. "तलंगांच्या छातीत सुई मारली की दुसऱ्या दिवशी अशी गाठ येते. माझ्या बोटांना शिकवू नका, भावजी. कधी टोचून आलात?"

मागे टाकलेल्या माना एक एक करून पुढे आल्या.

"काल," मामा म्हणाले. "मी काही मानत नाही हो त्यात. मुलगा गाडी घेऊन दारात उभा राहिला. सूनबाई ऐकेना. रडायलाच लागली. मग म्हटलं, त्यांच्या समाधानासाठी..."

"आणि आम्हाला ते विज्ञान ऐकवत होता?"

"मी फक्त पुढे पाठवतो. मी काय बनवतो का?"

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. ज्या नजरेने ती फिके तुरे बघायची, त्या नजरेने. मग इतक्या वर्षांचं अहोजाहो तिने एका वाक्यात खाली ठेवलं.

"म्हणजे तुला ठेवायचंय."

"काय?"

"तुझ्या घरच्यांना तुला ठेवायचंय, काटेवाल्या. ऊठ माझ्या पोत्यावरून."

तिने बाटली आणि ड्रॉपर सुनेच्या हातात दिलं. "उकळत्या पाण्यात टाक," म्हणाली आणि आत गेली.

आता या बाकीच्यांची अक्कल ठिकाणावर येईल असं कोणाला वाटलं असेल, तर त्याने म्हाताऱ्यांबरोबर फार दिवस काढलेले नाहीत. शिंपी निळे गाल पुसत म्हणाला, "मामांचं वेगळं आहे. त्यांना साखरेचा आजार आहे, त्यांना घ्यावीच लागते." दूधवाली कुरकुरली, "माझा तर एकच डोळा झाला. अर्धवट सोडलं की उलटतं म्हणतात." बहिऱ्या जावेला काय झालं ते कळलंच नव्हतं. ती अजून मान मागे टाकून बसली होती, तिला उठवावं लागलं. सुनेने सगळ्यांचे डोळे धुतले, डॉक्टरांकडे जा म्हणून चारदा सांगितलं. फाटकाबाहेर पडताना त्यांनी नावं ठेवली ती सुनेलाच. चांगलं चाललं होतं, हिने मोडता घातला. मामा सगळ्यांत शेवटी गेले, दुखरा हात पोटाशी धरून. खिशातला फोन त्यांना न विचारता बोलत होता.

संध्याकाळी दोघी पाण्याची भांडी घासायला बसल्या. गार वारा सुटला होता. म्हातारीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत सून थांबली, आणि या वेळी तिने दुसरीकडे पाहिलं नाही.

"मला ठेवायचंय का?" म्हातारीने विचारलं. भांड्याकडे बघूनच.

गोड बोलावं असं सुनेच्या मनात आलं. पण या बाईला गोड बोलणाऱ्याचा संशय येतो, आणि तो काही अगदीच खोटा नसतो.

"पिल्लांचा पुढचा डोस आहे," ती म्हणाली. "तो कोण देणार?"

"पंप आहे की."

"पंपाने अर्धी पिल्लं कोरडी राहतात. तुम्हीच म्हणता."

"तेवढ्यासाठी ठेवणार?"

"नाहीतर काय, तुमच्या गोड स्वभावासाठी?"

म्हातारीने भांडं पालथं केलं, त्यातलं पाणी निथळू दिलं. बराच वेळ निथळू दिलं.

"दवाखान्यातल्या पेटीतला बर्फ मी बघणार," ती म्हणाली. "वितळलेला असला तर तशीच उठून येईन."

मंगळवारी दवाखान्यात बाक भरलेला नव्हता. शिंपी एका टोकाला बसला होता, डोळे टोमॅटोसारखे. तो डोळ्यांचं औषध न्यायला आला होता, लशीचं नाव काढलं की भिंतीकडे बघायचा. मुलगा दोघींना फाटकापर्यंत सोडून गेला होता. अंड्यांचा भाव चढला होता.

म्हातारीने थंड पेटीचं झाकण स्वतः उघडलं. आत हात घालून बर्फ चाचपला. एक बाटली काढून गालाला लावली.

"पेटी खिडकीशी का ठेवलीस? ऊन येतं तिथे. सरकव."

नर्सबाईने सुनेकडे पाहिलं. डोळा मिचकावला नाही. तिने पेटी उचलली आणि सावलीत ठेवली.

मग म्हातारीने बाही वर केली. दंड काडीसारखा झाला होता, कातडी हाडावर सैल लोंबत होती. सुई आत गेली, बाहेर आली. नर्सबाईने कापूस ठेवला आणि पुढच्या माणसाकडे वळली.

"बघ," म्हातारी तिरस्काराने म्हणाली, "टोचलं की सोडलं. थांबायचं कोणाला शिकवतच नाहीत."

सुनेने कापसावर अंगठा ठेवला आणि दंड मुठीत धरला. तो गरम होता आणि तिला वाटला होता त्यापेक्षा फार हलका. बाकावर दोघी तशाच बसल्या. समोरचा माणूस टोचून घेऊन गेला, त्याच्यामागचा आला, तोही गेला.

"पुरे," म्हातारी शेवटी म्हणाली. "सोड आता. गेली आत."

सुनेने आणखी थोडा वेळ धरून ठेवलं.